बेसमेंट गरम करायला जुना बिटकॉइन मायनर घ्यावा का? (लाव्हाल, क्यूबेक, कॅनडा)

अकोल्याचा_उन्हाळा

मंडळी, नमस्कार. लाव्हालमध्ये सेमी-डिटॅच्ड घर आहे, सत्तरच्या दशकातलं. हीटिंग सगळं विजेवर, भिंतीलगतचे बेसबोर्ड. डिसेंबरात आई-बाबा अकोल्याहून येताहेत, मार्चपर्यंत राहतील. मोकळी खोली बेसमेंटमध्येच आहे, तीच त्यांना देणार. गेल्या हिवाळ्यात तिथले 1500 वॉटचे दोन्ही बेसबोर्ड फुल्ल ठेवूनही फरशीवर पाय टेकवत नव्हता, आणि जानेवारी-फेब्रुवारीचं हायड्रो-क्यूबेकचं (इथली वीज कंपनी) बिल आलं ते मी बायकोला दाखवलंच नाही.

तर कामावरचा एक पोरगा त्याचा जुना अँटमायनर एस9 (बिटकॉइन कमावण्यासाठी सतत गणितं सोडवणारं मशीन) विकतोय, 120 डॉलरला. म्हणतो, हीटर म्हणून लाव, वर बिटकॉइनही मिळतील. जाहिरातींमध्ये त्याचंच नवं मॉडेल एस19जे प्रो पण दिसतं, साडेचारशेच्या आसपास. बिटकॉइनमध्ये श्रीमंत व्हायचं स्वप्न वगैरे नाही, खोली गरम व्हावी आणि बिल थोडं उतरावं एवढंच.

माझा मेहुणा म्हणतो की मायनरमध्ये अर्धी वीज गणितं सोडवण्यात जाते, त्यामुळे तेवढ्याच विजेत उष्णता कमी मिळते. हे खरं आहे का? आवाज किती येतो? आईची झोप आधीच कच्ची. इथे कोणी खरोखर वापरलाय का, की सगळे यूट्यूबवर बघूनच सांगताहेत?

निफाडचा_गारठा

आमच्याकडे पारा 5-6 वर आला की द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात, तुम्ही कॉम्प्युटर पेटवा. वाचतोय, चालू द्या.

तासगावचा_बेदाणा

मी पलीकडे लाँगेयला राहतो. कारखान्यात मेंटेनन्सला आहे, इलेक्ट्रिकल. माझं बेसमेंट बरेच हिवाळे मायनरवरच गरम होतंय, आधी एस9 होता, आता एस19जे प्रो. वयानं मोठा असणार, म्हणून अरेतुरे करतो.

आधी तुझ्या मेहुण्याचं बघू. वीज गणितात "जात" नाही. चिपमध्ये शिरलेला प्रत्येक वॉट शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडतो. नेटच्या वायरीतून आणि त्या मिचमिच्या एलईडीतून जे जातं ते मोजायला मीटर मिळणार नाही. 1500 वॉटचा बेसबोर्ड आणि 1500 वॉट ओढणारा मायनर, दोघंही तासाला साधारण 5100 बीटीयूच देणार. म्हणजे मायनर गरम करतो का, हा प्रश्नच नाही. तो कोणाच्या जागी बसतोय ते बघायचं. क्यूबेकात बेसबोर्डच्या जागी बसतो, म्हणून इथे हिशेब जमतो. दुसऱ्या प्रांतात हेच सांगायला गेलास तर लोक हसतील, आणि बरोबरच हसतील.

आता हिशेब. हायड्रोचा घरगुती दर दिवसाच्या पहिल्या 40 युनिटला 7 सेंटच्या आसपास आणि त्यापुढे साडेदहाच्या आसपास. पुष्कळ जण मायनरचा खर्च 7 सेंटनं काढतात आणि खूश होतात. लेका, जानेवारीत तुझे 40 युनिट दुपारपर्यंतच संपलेले असतात. हीटिंगचं प्रत्येक युनिट वरच्याच दरानं पडतं. त्यावर दोन्ही टॅक्स धर, 12 सेंट झाले. हा तुझ्या बेसबोर्डच्या उष्णतेचा भाव.

कमाईची बाजू रोज हलते. मी एका पेटाहॅशला (म्हणजे हजार टेराहॅश, मायनरच्या गणिताच्या वेगाचं माप) दिवसाला 45 अमेरिकन डॉलर धरून सांगतो, तू घेशील त्या दिवशीचा आकडा बघून गणित परत कर. एस9 हजार वॉटवर ठेवला की साधारण 11 टेराहॅश देतो. दिवसाचे 24 युनिट, वीज 2 डॉलर 88 सेंट, कमाई कॅनडाच्या पैशात 70 सेंटच्या आत. म्हणजे उष्णता युनिटला 9 सेंटनं पडली. बेसबोर्डपेक्षा 3 सेंट वाचले, झालं. महिन्याला वीस-एक डॉलर, आणि त्यासाठी घरात झाकण न लावलेला मिक्सर चोवीस तास चालू.

एस19जे प्रो हे वेगळं जनावर आहे. एस9 2016 चा, त्याला एका टेराहॅशला 100 वॉटच्या आसपास लागतात. जे प्रोला 30. फुल्ल चालवला तर 3000 वॉटच्या वर ओढतो, तेवढी गरज तुला नाही. मी ब्रेन्स कंपनीचं फर्मवेअर (मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून 1800 वॉटवर बांधून ठेवलाय, त्यात 70 टेराहॅशच्या आसपास मिळतात. दिवसाला 43 युनिट, वीज 5 डॉलर 20 सेंट, कमाई 4 डॉलर 35 सेंट. सगळी उष्णता दिवसाला डॉलरच्या आत. युनिटला 2 सेंट. पेटाहॅशचा भाव पडून 45 वरून 35 वर आला तरी 4 सेंट. म्हणून 120 चा स्वस्त वाटतो तो महाग आहे आणि 450 चा स्वस्त. त्या पोराला सांग, एस9 शोभेला ठेव.

एक गोष्ट मात्र आत्ताच सांगतो. तुझ्या बेसमेंटला हीट पंप बसवता येत असेल तर आधी तो विचार कर. एक युनिट विजेत तो बाहेरच्या हवेतून ओढून अडीच-तीन युनिट उष्णता आत आणतो, म्हणजे 4 ते 5 सेंट, उन्हाळ्यात एसी फुकट, आणि बिटकॉइनच्या भावाकडे बघावं लागत नाही. उणे 25 ला तो दमतो, तरी बेसबोर्डपेक्षा वरच राहतो. मी बसवला नाही कारण माझ्या बाजूच्या भिंतीला बाहेर युनिट लावायला जागाच नाही, शेजाऱ्याचा ड्राइव्हवे आहे.

कॅलगरीचा_कोथरूडकर

बेदाणासाहेबांनी क्यूबेकपुरतं बोलून बरं केलं. आमच्याकडे अल्बर्टात घरोघरी गॅसची फर्नेस. माझ्या बिलात डिलिव्हरी धरून विजेचं युनिट 16 सेंटच्या पुढे जातं आणि गॅसची तेवढीच उष्णता 3-4 सेंटात मिळते. इथे मायनर लावणं म्हणजे बिटकॉइन विकत घेण्याचा लांबचा रस्ता. त्यापेक्षा सरळ एक्सचेंजवर घ्या.

ज्यांच्याकडे जुने गेमिंगचे कार्ड पडले आहेत त्यांनीही नाद करू नये. इथेरियम हे दुसरं क्रिप्टो-नाणं 15 सप्टेंबर 2022 ला मर्ज झालं (मायनिंगशिवाय चालायला लागलं) तेव्हाच ग्राफिक्स कार्डच्या मायनिंगची मजा संपली. कार्ड गरम होतं, पण हातात काही पडत नाही.

टाम्पेरेची_सून

फिनलंडमधून लिहिते. आमच्या बिल्डिंगला शहराची सामाईक हीटिंग आहे, गरम पाणी पाइपातून घरात येतं, त्यामुळे घरात मायनर ठेवायचा प्रश्न येत नाही. पण हीच कल्पना इथे मोठ्या प्रमाणावर चालली आहे. सातकुंता भागात मारा या अमेरिकन मायनिंग कंपनीनं 2024 मध्ये 2 मेगावॉटचा प्रकल्प सुरू केला, मायनरची उष्णता सामाईक हीटिंगच्या पाण्यात सोडतात. साधारण 11 हजार लोकांची वस्ती त्यावर आहे असं कंपनीनं जाहीर केलं होतं. मला हा मार्ग शहाणपणाचा वाटतो. आवाज गावाबाहेर आणि ऊब घरात.

उलट बाजू बघायची तर सैबेरियातलं इर्कुट्स्क बघा. धरणांची वीज, घरगुती दर अगदी कमी, म्हणून लोकांनी घरात, गॅरेजमध्ये, बाल्कनीत मायनर लावले. घरं तापली पण वस्त्यांमधले ट्रान्सफॉर्मरही तापले. शेवटी सरकारनं 2025 मध्ये इर्कुट्स्कच्या दक्षिण भागात मायनिंगवर 2031 पर्यंत बंदी घातली. क्यूबेकचीही वीज धरणांचीच ना? म्हणून म्हटलं.

अकोल्याचा_उन्हाळा

सगळ्यांचे आभार. बेदाणाकाका (आता काकाच म्हणतो), तुमच्या हिशेबानं एस9 बाद. हीट पंपाचं कोटेशन मागवलं होतं, आकडा ऐकून बाबांच्या विमानाच्या तिकिटांची आठवण झाली. पुढच्या वर्षी बघू. तेव्हा एस19जे प्रोबद्दलच विचारतो. तो साध्या प्लगवर चालतो का? ठेवायचा कुठे? बेसमेंटमध्ये जिन्याखाली कोठी आहे आणि तिला लागून वॉशर-ड्रायरची खोली. बायकोची अट आहे की आईच्या खोलीत आवाज आला तर मशीन आणि मी दोघंही गॅरेजमध्ये. आणि इन्शुरन्सवाल्यांना सांगावं लागेल का?

तासगावचा_बेदाणा

सूनबाईंचं बरोबर आहे. हायड्रोनं मोठ्या मायनिंगवाल्यांना वेगळा दर आणि वेगळे नियम लावलेत ते याच भीतीनं. पण याचा मायनर 1800 वॉट ओढेल तेव्हा बेसबोर्ड तेवढाच गप्प बसेल, ग्रीडवर जास्तीचं काही येत नाही. घर तापवण्यापुरताच चालवला तर. मे महिन्यात खिडक्या उघड्या टाकून चालवलास तर ती वेगळी गोष्ट, तेव्हा तो हीटर नाही राहिला, धंदा झाला, आणि तोट्याचा.

साध्या प्लगवर अजिबात नाही. जे प्रोचा पॉवर सप्लाय 200 ते 240 व्होल्टवरच चालू होतो, 120 ला नुसता बघत बसतो. मागे दोन सॉकेट असतात, दोन्हीत कॉर्ड लागते. वेगळं सर्किट ओढून घे, 240 व्होल्ट, 20 अँपिअर. सतत चालणाऱ्या लोडला ब्रेकरच्या 80 टक्केच धरायचे, म्हणजे 16 अँपिअर, 3800 वॉट. तुझे 1800 त्यात आरामात बसतात. बेसबोर्डच्या सर्किटवर टॅप मारायची आयडिया तुला कोणीतरी देणारच. नको. तिथे भिंतीवरचा थर्मोस्टॅट लाइनच तोडतो, मशीन दर थोड्या वेळानं खाडकन बंद-चालू होईल. आणि क्यूबेकात घरमालकानं स्वतः वायरिंग करायचं नसतं, लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन बोलाव. मी स्वतः तेच काम करतो तरी घरचं लायसन्सवाल्याकडूनच करून घेतलं आणि पावती फाइलला लावली. इन्शुरन्सचा प्रश्न निघाला की पहिली ती पावती विचारतात.

इन्शुरन्सला फोन करच. मशीनवर सीएसए किंवा सीयूएलचा (विद्युत सुरक्षेची तपासणी झाल्याचा) शिक्का आहे का विचारतील, बऱ्याच मायनरवर तो नसतो. काही कंपन्या चालेल म्हणतात, काही नाही म्हणतात. नाही म्हणाले तर विषय तिथेच संपव. आई-बाबा खाली झोपणार आहेत, तिथे चोरून काही लावायचं नाही. त्याच खोलीच्या बाहेर स्मोक डिटेक्टर नवा बसव, जुना असेल तर.

शिक्क्याचीच अडचण असेल तर घरासाठी म्हणून बनवलेले मायनर-हीटर निघालेत, ते बघ, त्यांच्यावरचाही शिक्का तपासून. कनानचा अ‍ॅव्हलॉन मिनी 3 आहे, 800 वॉट, 37.5 टेराहॅश, साध्या प्लगवर चालतो, दिसायलाही हीटरसारखा. वीज आणि कमाई जवळपास बरोबरीत सुटते. पण बाजारात आला तेव्हा 900 अमेरिकन डॉलरच्या आसपास होता. फक्त हिवाळ्यात चालवून ते पैसे फिटायला तीन-चार हिवाळे जातील, आणि मध्ये 2028 चं हाल्विंग (मायनिंगचं बक्षीस निम्मं होतं ते) आहे. 2024 च्या एप्रिलमध्ये ब्लॉकचं बक्षीस 6.25 बिटकॉइनवरून 3.125 झालं तेव्हा माझी रोजची कमाई एका रात्रीत किती घसरली ते मी बघितलंय. म्हणून जुनं मशीन स्वस्तात घ्यायचं, एक-दोन हिवाळ्यांत पैसे वसूल करायचे, असं माझं मत.

आता जागा. जिन्याखालची कोठी उत्तम, वॉशर-ड्रायरची खोली नको. ड्रायरचा कापूस हवेत उडतो आणि मायनर तो सगळा ओढून घेतो. हीट सिंकच्या पात्यांमध्ये आडवा थर बसतो, मऊ, करडा, नखानं धरून ओढला तर सबंध पापुद्रा निघून येतो. त्यामागच्या चिपा तापून बोर्ड बंद पडतो. माझ्या मायनरच्या तोंडाशी मी फर्नेसचा साधा 20 बाय 20 चा फिल्टर प्लायवुडच्या चौकटीत बसवलाय. हवा त्यातून आत, मागून प्लास्टिकचा श्राउड (हवा डक्टमध्ये वळवणारं झाकण), त्याला 6 इंची डक्ट आणि मध्ये इनलाइन फॅन, डक्टचं तोंड खोलीत फरशीलगत. फरशीलगतच, कारण गरम हवा वर जाणारच आहे, तिला खालून सुरुवात करू दे. कोठीच्या दाराला खाली जाळी लाव म्हणजे खोलीतली गार हवा परत आत येते. बाहेरची हवा ओढायची नाही, काही जण उणे 20 ची हवा आत घेऊन मायनर थंड ठेवतात आणि मग तीच हवा तापवत बसतात. ड्रायरच्या डक्टला तर हात लावायचा नाही.

आवाज. कंपनीच्या पंख्यांसकट फुल्लवर 75 डेसिबल, शेजारी उभं राहून बोलता येत नाही. 1800 वर पंखे निम्म्यानं फिरतात, कोठीचं दार बंद, दाराला आतून जाड फोम, तर बाहेर एक्झॉस्ट फॅनइतकी घरघर उरते. कच्च्या झोपेला तीही खुपेल असं वाटलं तर रात्री 10 ते 6 पॉवर टार्गेट 1200 वर आणायचं, पंखे आणखी मंदावतात. कोठी आणि पलंगामध्ये एक भिंत तरी असू दे.

बेसबोर्ड काढू नकोस. त्यांचा थर्मोस्टॅट 18 वर ठेव, मायनर खोली 21 पर्यंत नेईल, थंडी कडक पडली की बेसबोर्ड आपोआप मदतीला येतील. मायनर कधी बंद पडला, नेट गेलं, तरी आई-बाबा गारठणार नाहीत. हायड्रोची हिवाळी क्रेडिटची योजना (ठराविक तासांत वीज कमी वापरली तर बिलात सूट) घेतली असशील तर त्यांनी सांगितलेल्या सकाळ-संध्याकाळच्या तासांत मायनर फर्मवेअरमधून थांबव. आधीच्या दोन तासांत थोडा जास्त चालवलास तर काँक्रीट तेवढी ऊब धरून ठेवतं.

टॅक्स विसरू नकोस. नाणी हातात आली त्या दिवशीचा भाव लिहून ठेव, एक साधी एक्सेल शीट पुरते. छंद म्हणायचं की धंदा, ते अकाउंटंटला विचार, आणि क्यूबेकच्या रिटर्नबरोबर क्रिप्टोचा वेगळा फॉर्म असतो तो भर.

निफाडचा_गारठा

काका, चेष्टा सोडून विचारतो. बेदाण्याच्या शेडमध्ये ही गरम हवा चालेल का? आभाळ आलं की माल काळा पडतो.

तासगावचा_बेदाणा

नाव वाचून वाटलंच होतं हा प्रश्न येणार. हवा चालेल, हिशेब चालणार नाही. महावितरणचं घरगुती वरच्या स्लॅबचं युनिट दहा रुपयांच्या पुढे, व्यापारी दर वेगळाच. शिवाय भारतात क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के, आणि मायनिंगच्या यंत्रांचा, विजेचा खर्च त्यातून वजा करू देत नाहीत. ज्या विजेवर नाणं काढलं तीच धरत नाहीत म्हटल्यावर उरलं काय? आणि तासगावात बेदाण्याच्या हंगामात ऊन कमी पडतंय असं कोण म्हणतं? तुमच्या निफाडची गोष्ट वेगळी, तुम्ही खायचीच द्राक्षं पिकवा.

अकोल्याचा_उन्हाळा

इन्शुरन्सशी बोललो. लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनचं काम आणि त्याची पावती असेल तर हरकत नाही म्हणाले, लेखी मागितलंय. बायकोनं 1200 वॉटच्या अटीवर होकार दिला. शनिवारी लाँगेयलाच एक जे प्रो बघायला जातोय, 430 म्हणतोय. बघताना काय बघू?

तासगावचा_बेदाणा

चालू करून दाखव म्हण. "नुसतं प्लग लावायचंय, बाकी चांगलं आहे" म्हणणाऱ्याकडे 240 चा प्लग नसेल तर परत फिर. चालू झाला की लॅपटॉपवर त्याचं स्टेटस पान उघड. तीन बोर्ड दिसले पाहिजेत, प्रत्येकात 126 चिप. एखाद्या बोर्डावर शून्य दिसलं किंवा आकडा कमी आला तर तो दुरुस्तीचा माल, 250 च्या वर बोलू नकोस. अर्धा तास चालू दे, हॅशरेट (टेराहॅशचा आकडा) स्थिर राहतो का बघ, पहिल्या पाच मिनिटांचा आकडा धरू नको. टॉर्च घेऊन पुढच्या पंख्याच्या जाळीतून आत बघ. पात्यांवर पांढरट-हिरवा गंज असेल तर मशीन कुठल्यातरी दमट गोदामात होतं, घेऊ नको. धूळ चालेल, धूळ कॉम्प्रेसरनं उडते. जुन्या मालकाच्या पूलचा (मायनरची कमाई जिथे जमा होते त्या गटाचा) पत्ता आत राहिला असेल, घरी आल्यावर आधी फॅक्टरी रिसेट मार, नाहीतर वीज तुझी आणि नाणी त्याची.

सोबत दोन्ही पॉवर कॉर्ड मागून घे, विकणारे हमखास एकच देतात. शनिवारी मी घरीच आहे. पत्ता माझ्या बाजूचा असेल तर व्यक्तिगत निरोप टाक, क्लॅम्प मीटर घेऊन येतो.